काटक पोरांना सराव कशाला, म्हणे!

मुंबईच्या मॅरेथॉनचा विषय निघाला की सावली, व्याहाड, मूल या पट्ट्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आमचे पोट्टे दिवसभर धुऱ्याधुऱ्यानं फिरतात, त्यांले कायचा सराव पाहिजे?" बोलणाऱ्याच्या सुरात अभिमान असतो, म्हणून समोरचा वाद घालत नाही. धाव एखाद्या संस्थेच्या मदतीसाठी असली तर याला जोडून दुसरं वाक्य येतं, की नंबर कोणाला काढायचाय, पुण्याचं काम आहे, जमेल तेवढं पळायचं. पहिल्या वाक्यात गावच्या पोराचं कौतुक आहे आणि दुसऱ्यात त्याच्या नेक मनाचं. दोन्हींतून निघणारा सल्ला मात्र एकच : तयारी करू नका. हा सल्ला चुकीचा आहे, आणि इतर कुठल्याही भागापेक्षा चंद्रपूर-गडचिरोलीच्या या पट्ट्यात तो जास्त धोक्याचा आहे.

आधी धाव कशी आहे ते पाहू. मुंबई मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली आणि आता ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. मदतनिधी हे तिचं सुरुवातीपासूनचं अंग. धावणारे आपापल्या ओळखीतून एखाद्या संस्थेसाठी पैसे गोळा करतात आणि दरवर्षी कोट्यवधी रुपये त्यातून उभे राहतात. सहा किलोमीटरच्या आतबाहेरची ड्रीम रन हा हौशी मंडळींचा भाग. त्याच्या वर दहा किलोमीटर, एकवीस किलोमीटरची अर्धी आणि बेचाळीस किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन. समुद्रकाठचं शहर म्हटल्यावर रस्ता सपाट असेल असं विदर्भात सगळ्यांनाच वाटतं. पण हाजीअलीकडून येताना पेडर रोड लागतो. लता मंगेशकरांचं 'प्रभुकुंज' आणि जसलोक हॉस्पिटल ज्या रस्त्यावर आहे, तोच. गाडीत बसलेल्याला हा चढ जाणवतही नाही. माहीमहून सुटलेल्या अर्ध्या मॅरेथॉनच्या धावकाला तो निम्म्याहून जास्त अंतर पायांत मुरल्यावर भेटतो आणि पूर्ण मॅरेथॉनवाल्याला पस्तीस किलोमीटरच्या आसपास. मुंबईच्या धावकांत या चढाचा जो दबदबा आहे, तो उंचीचा नसून त्या वेळेचा आहे.

आता काटकपणाच्या दाव्याकडे वळू. धानाच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणी करणारं, डोक्यावर भारे वाहणारं शरीर काटक असतं, हे कोणी नाकारत नाही. पण बांधीतलं काम आणि सलग दोन तास धावणं ही शरीराची दोन वेगळी कामं आहेत. वाकून कंबर पक्की होते. डांबरी रस्त्यावर हजारो वेळा आपटणाऱ्या पावलाला, घोट्याला आणि गुडघ्याला त्या पक्क्या कंबरेचा उपयोग बेताचाच.

"आमचा पोट्टा रोज सोळाशे मारतो" हे त्याच्याही पुढचं प्रमाणपत्र. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर धावायचं असतं. 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत आलं की 20 पैकी 20 गुण. सावलीतून, गडचिरोलीतून शेकडो मुलं याच आकड्यासाठी घाम गाळतात आणि त्यांच्या मेहनतीला तोड नाही. पण अर्धी मॅरेथॉन म्हणजे सोळाशेच्या तेरा पटींहून जास्त अंतर. सोळाशेचा हाच वेग कोणी शेवटपर्यंत टिकवला तर तो 1 तास 8 मिनिटांत पोचेल. अविनाश साबळे यांनी 2020 साली दिल्लीत अर्ध्या मॅरेथॉनचा राष्ट्रीय विक्रम केला तो 1 तास 30 सेकंदांचा. म्हणजे भरतीच्या सवयीनं सुटलेला मुलगा, नकळत का होईना, देशातल्या निवडक धावकांच्या जवळपासचा वेग घेऊन सुटतो. पहिले दोन किलोमीटर त्याला आपण उडतोय असं वाटतं. पेडर रोडपर्यंत तो चालायला लागलेला असतो.

साबळेंचं नाव निघालंच आहे तर तेही तपासून घ्यावं, कारण काटकपणाच्या बाजूनं तेच सर्वांत आधी पुढे केलं जातं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा, कोरडवाहू घर, शाळेला पायी ये-जा. हे सगळं खरं आहे. पण ते बारावीनंतर सैन्यात गेले, धावण्याकडे वळले ते तिथल्या क्रॉस-कंट्रीतून, आणि प्रशिक्षकाच्या हाताखाली वर्षानुवर्षं घासल्यानंतर 2022 मध्ये राष्ट्रकुलात स्टीपलचेसचं रौप्य मिळालं. कविता राऊत यांचंही तसंच. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची मुलगी डोंगर उतरून पाणी आणायची, ही गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. नाशिकमध्ये विजेंदर सिंग यांच्याकडे तिनं काढलेली वर्षं मात्र कोणी सांगत नाही. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य त्या वर्षांतून आलं. पाण्याचा हंडा तर सावरपाड्यातल्या प्रत्येक मुलीच्या डोक्यावर होता.

तरीही कोणीतरी लता करे यांचं नाव काढतंच. डिसेंबर 2013, बारामती. साठी उलटलेल्या लताबाई नऊवारीत, अनवाणी धावल्या, ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते म्हणून त्या धावल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. या प्रसंगातून "पाहा, बुटांशिवाय, सरावाशिवाय जमतं" असा धडा काढणाऱ्यांची कमाल वाटते. ती धाव तीन किलोमीटरची होती, आणि लताबाईंवर ती वेळ आली कारण उपचाराला पैसे नव्हते. एका बाईच्या नाइलाजाला प्रशिक्षणाची पद्धत ठरवणं हा तिचा गौरव नव्हे.

काटकपणावर भिस्त ठेवल्याचे परिणाम महाराष्ट्रानं पाहिले आहेत. जून 2014 मध्ये मुंबईत पोलीस भरतीची पाच किलोमीटरची धाव देताना उमेदवार दगावले आणि त्यानंतर अंतर कमी करावं लागलं. झारखंडमध्ये 2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात उत्पादन शुल्क खात्याच्या शिपाई भरतीत दहा किलोमीटरच्या धावेनं डझनभर तरुणांचा बळी घेतला. उकाडा, दमट हवा, रात्रभराचा प्रवास, रिकामं पोट आणि "आज झालंच पाहिजे" हा ताण, अशी कारणं एकात एक गुंतलेली होती. मेलेली मुलं शहरी नाजूक घरांतली होती, असं कोणी म्हणू शकेल का?

सावलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि पुण्या-मुंबईच्या सरावाच्या वेळापत्रकांत तिचा उल्लेख सापडत नाही : सिकलसेल. गडचिरोली-चंद्रपूरच्या आदिवासी आणि इतर अनेक समाजांत हा रक्तातला दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1980 च्या दशकात गडचिरोलीत काम सुरू केलं तेव्हा सुरुवातीच्याच अभ्यासांत हा आजार होता. 'रुग्ण' आणि 'वाहक' हा फरक आता गावोगावच्या आशाताई समजावून सांगतात. रुग्णाला त्रास होतो म्हणून तो डॉक्टरकडे जातो. वाहकाला एरवी आयुष्यभर काही होत नाही, म्हणून त्याला आपण वाहक आहोत हे ठाऊकच नसतं. अडचण तिथेच आहे. सवय नसताना, उकाड्यात, पाणी कमी पडलेलं असताना एकदम जीव तोडून मेहनत झाली तर वाहकाचे स्नायू विरघळू लागण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. मग लघवी चहाच्या रंगाची होते आणि मूत्रपिंडावर भार येतो. अमेरिकी सैन्यातल्या सुमारे 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांना हा त्रास होण्याची शक्यता 54 टक्क्यांनी जास्त दिसली. मृत्यूचं प्रमाण मात्र वाढलेलं नव्हतं. त्या सैन्यात हळूहळू सराव वाढवणं, उष्णतेची सवय आणि पाण्याची शिस्त सगळ्यांनाच सक्तीची होती, हे त्या निष्कर्षाशेजारी ठेवून वाचावं. वाहकानं धावू नये असं कोणी म्हणत नाही. त्यानं तयारीशिवाय धावू नये. "जंगलातलं पोर आहे, त्याला काय होतंय" हे वाक्य ज्या मुलांबद्दल बोललं जातं, त्यांच्यातच हा धोका जास्त आहे.

आता पुण्याच्या कामाचं पाहू. हा युक्तिवाद सावलीत व्हावा, याचं जरा नवल वाटतं. खादीसाठी नावाजलेल्या याच गावात 1936 साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन भरलं होतं आणि गांधीजी त्याला आले होते. त्याच्या सहा वर्षं आधी हा माणूस एका कार्यासाठी समुद्रकाठच्या गावापर्यंत चालत गेला होता. साबरमती ते दांडी, सुमारे 385 किलोमीटर, वय साठ. हेतू याहून मोठा कुठला असणार? तरी 12 मार्च 1930 ला निघताना सोबतचे 78 जण निवडलेले होते, शिस्तीत मुरलेले आश्रमवासी होते. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची 'अरुण तुकडी' पुढे जाऊन प्रत्येक मुक्कामाचं पाणी, जेवण, जागा पाहत होती. जेवण साधं राहील याची सूचना आधीच गेलेली. दर सोमवारी विश्रांती. रोज काही मैल चालण्याची गांधीजींची सवय तर कितीतरी वर्षांची. देशाचं काम आहे, जमेल तेवढं चालू, असं म्हणून ते निघाले नव्हते.

दूरचा दाखला हवा तर दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा आहे. समुद्रकाठचं डर्बन आणि डोंगरावरचं पीटरमारित्झबर्ग यांच्यात होणारी कॉम्रेड्स ही सुमारे नव्वद किलोमीटरची, चढउतारांची धाव 24 मे 1921 रोजी पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ सुरू झाली. सुटले 34, पोचले 16. आज महाराष्ट्रातले कितीतरी धावक तिथं जातात. ती स्मरणाची धाव आहे आणि तिच्यातून मदतनिधीही उभा राहतो, पण नाव नोंदवायचं तर आधी पूर्ण मॅरेथॉन ठरलेल्या वेळेत पुरी केल्याचा पुरावा लागतो. भावना पाहून कोणाला सूट मिळत नाही.

मदतीच्या धावेत हिशेबाची बाजूही आहे. मुलगा पंचवीस जणांकडून पैसे गोळा करतो, त्यात शाळेच्या मास्तरांचे, राइस मिलवाल्याचे आणि बचत गटातल्या बायांचेही असतात. तो अर्ध्या वाटेत कोसळून दोन दिवस सलाइनवर पडला तर जेवढं जमवलं त्याहून जास्त घरच्यांच्या खिशातून जातं.

दुसऱ्या टोकालाही एक मत आहे आणि तेही तितकंच निरुपयोगी : "सावलीत डोंगर कुठे आहे? चढाचा सराव साताऱ्याच्या लोकांनी करावा." साताऱ्याचं भाग्य मोठं खरं. तिथली हिल मॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटातून वर जाते आणि तसाच घाट उतरते. पण पेडर रोड म्हणजे यवतेश्वर नव्हे. त्याच्यासाठी तलावाची पाळ पुरते. सावली तालुक्यात ब्रिटिशकालीन आसोलामेंढा आहे. गावागावांत मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत. पाळीचा उतरता काठ, त्यावर एक मिनिट चढून जायचं, चालत खाली यायचं, पुन्हा चढायचं. आठवड्यातून एकदा, सुरुवातीला चार वेळा, पुढे आठ-दहा. पावलं आखूड, नजर दहा पावलांवर, हात खांद्यातून हलते, आणि वेग घड्याळावर न पाहता श्वासावर ठेवायचा. एवढ्यावर पेडर रोड चढता येतो.

खरी फजिती उतारावर होते आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. चढताना दम लागतो म्हणून माणूस आपणहून हळू होतो. उतरताना बरं वाटतं म्हणून तो पाय सोडून देतो. पण उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार अडवत असतो आणि त्यात त्याला बारीक इजा होते. त्याच दिवशी फारसं कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संडासात बसताना भिंत धरावी लागते. यावरचा उपाय स्वस्त आहे : उताराचा एकदा नीट सराव झाला तर पुढचे काही आठवडे तोच स्नायू तसाच भार बराच कमी दुखापतीत सोसतो, हे प्रयोगांतून अनेकदा दिसलं आहे. म्हणजे पाळीवरून कधीकधी खाली येतानाही धावायचं, सांभाळून.

वेळापत्रकाचं गणित मात्र इथलं वेगळं आहे आणि शहरातून आलेला तक्ता जसाच्या तसा भिंतीला चिकटवून भागत नाही. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपासून सोळा आठवडे मागे मोजले तर सप्टेंबरची अखेर येते. पुढे हलकं धान कापणीला, मग भारी धान, मग मळणी. ज्या दिवशी पोरगं सकाळपासून विळा घेऊन वाकलेलं असतं, त्या संध्याकाळी त्याला पाळीवर चढवणं म्हणजे दुखापतीला बोलावणं. कापणीच्या आठवड्यांत लांब पल्ल्याची एकच हळू धाव ठेवावी, बाकीचे दिवस शेतातलं कामच व्यायाम धरावं. डिसेंबरात काम सरलं की अंतर वाढवावं, आणि मुंबईच्या आधीचे दोन आठवडे पुन्हा कमी करावं. जानेवारीत सावलीची सकाळ थंड आणि कोरडी असते, मुंबईची दमट. तिथं घाम अंगावरच राहतो, वाळत नाही, म्हणून पहिला अर्धा भाग मुद्दाम हळू घ्यायचा. पाणी प्यायचं ते तहान पाहून. घटाघट पाणी पिण्याचाही धोका असतो. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावकांपैकी 13 टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम घसरलेलं आढळलं होतं.

"पहाटे पाचला उठा आणि रस्ता रिकामा असताना धावा" हा शहरी सल्ला तर इथं सरळ बाजूला ठेवावा. 7 ऑगस्ट 2025 च्या पहाटे गडचिरोली-आरमोरी महामार्गावर काटली गावाजवळ व्यायामाला बाहेर पडलेल्या मुलांना ट्रकनं चिरडलं. चार मुलं गेली. मूल-गडचिरोली रस्त्यावरचा ट्रक त्या ट्रकहून वेगळा नाही. महामार्ग सोडून आत वळावं तर जंगल लागतं, आणि ब्रह्मपुरी वनविभागात वाघ ही वर्तमानपत्रातली गोष्ट राहिलेली नाही. मोहफुलाला, सरपणाला गेलेली माणसं दरवर्षी मारली जातात. तेव्हा उजाडल्यावरच निघायचं, एकट्यानं नाही, कानात गाणी न लावता आणि शक्यतो शाळेच्या किंवा क्रीडासंकुलाच्या मैदानावर. मैदानाला गोल फेऱ्या मारण्याचा कंटाळा येतो हे मान्य. तो सोसावा.

तयारी केली म्हणजे काहीच होणार नाही, असा दावा इथं नाही. जानेवारी 2024 मध्ये मुंबई मॅरेथॉनमध्ये दोन धावकांचा मृत्यू झाला. हृदयातले काही दोष सरावानं दिसत नाहीत आणि सरावानं जात नाहीत. छातीत दुखलं, भोवळ आली, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर ईसीजी काढल्याशिवाय नाव देऊ नये. तसंच तयारी म्हणजे महागडे बूट, एनर्जी जेलच्या पुड्या आणि मनगटावरचं घड्याळ, असाही अर्थ कोणी काढू नये. तो बाजार आहे आणि त्याच्यावर हसायला हरकत नाही. पायात बसणारे, महिनाभर वापरून मऊ झालेले साधे बूट, भात-वरण, गुळ-शेंगदाणे आणि पुरेशी झोप यांत सोळा आठवडे निघतात.

आता प्रश्न राहतो तो पाठवणाऱ्यांचा. गडचिरोली पोलीस दलानं महामॅरेथॉन भरवून या भागातल्या मुलामुलींना लांब धावण्याची गोडी लावली, हे चांगलंच झालं. त्यातून कोणी मुंबईला जाऊ म्हणतो तेव्हा गावातली मंडळी वर्गणी काढतात, छापील टी-शर्ट येतात, नारळ फुटतो, फोटो निघतात. यंदा हा क्रम उलटा करावा. टी-शर्टच्या आधी सावलीच्या ग्रामीण रुग्णालयात सिकलसेल आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी. सिकलसेलच्या सरकारी कार्यक्रमात तिला पैसे पडत नाहीत. सोबत नेणाऱ्या माणसाकडे प्रत्येकाचा तो कागद असावा. आणि डिसेंबरअखेर ज्यानं पंधरा-सोळा किलोमीटरची एक सलग धाव न थांबता पुरी केलेली नाही, त्याचं नाव एकवीसमधून काढून ड्रीम रनमध्ये घालावं, मग तो सरपंचाचा पुतण्या का असेना. त्याच्या नावानं गोळा झालेली मदत संस्थेला तेवढीच पोचेल.